सरळ शेपटीचा कुत्रा

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण म्हणतो तेव्हा रोख माणसावर असतो. खुद्द कुत्र्याच्या शेपटाकडे कोण बघतंय? पण बघण्यासारखं आहे. लांडग्याचं शेपूट सरळ असतं. झुपकेदार, खाली सोडलेलं, चालताना मागे तरंगल्यासारखं. ते पाठीवर वेटोळं होऊन बसत नाही. वाकडेपणा आला तो माणसाच्या दारात आल्यावर. सोव्हिएत रशियात द्मित्री बेल्याएव यांनी 1959 मध्ये रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला, तेव्हा त्यांनी शेपटाचा विचारही केला नव्हता. माणसाला जो कमी बुजतो त्याचीच पिल्लं पुढे वाढवायची, एवढाच नियम होता. काही पिढ्यांत त्यातल्या काही कोल्ह्यांची शेपटं वर वळली, काहींचे कान पडले. (हे कोल्हे मुळात केसाळ कातड्यांसाठी पाळलेल्यांतले होते, त्यामुळे यातलं किती आधीपासूनच त्यांच्या अंगात होतं, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो रास्त आहे. पण शेपटाची गंमत उरतेच.)

अमेरिकेतल्या एखाद्या प्राणी निवारा केंद्रात रस्त्यावरून पकडलेलं मोठं, राखाडी, लांब पायांचं जनावर आणतात, तेव्हा जाणकार माणूस जी लक्षणं बघतो त्यांत हे शेपूट येतं. मग डोळे: पिवळट की तपकिरी? छाती अरुंद आहे का, इतकी की पुढचे पाय जवळजवळ एकमेकांना लागून पडतात? कपाळापासून नाकापर्यंतचा उतार सलग आहे, की मध्ये कुत्र्यासारखी पायरी? पंजे अंगाच्या मानाने फार मोठे आहेत का? कान आतून केसांनी गच्च भरलेत का? जनावर एव्हाना पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला चिकटलेलं असतं. भुंकत नाही, गुरगुरतही नाही. नजर चुकवून फक्त दाराची फट हेरत असतं.

टेबलावर अर्ज असतो आणि त्यात एक रकाना: जात. तिथे ‘लांडगा’ हा शब्द पडला की त्या प्राण्याचं नशीब तिथल्या तिथे बदलतं. अनेक ठिकाणचे नियम असा प्राणी सामान्य कुटुंबांना दत्तक द्यायला परवानगी देत नाहीत. शिवाय रेबीजची भानगड आहे. अमेरिकेत कुत्र्यांसाठीची रेबीजची लस लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरासाठी मान्यताप्राप्त नाही. पशुवैद्य टोचतात, ती बहुधा लागूही पडत असेल, पण कायद्याच्या लेखी ते जनावर लसीविनाच. ते कुणाला चावलं, तर मारून मेंदू तपासायची पाळी येऊ शकते. म्हणून रकान्यात तो शब्द पडल्यावर दोनच वाटा उरतात. एक, त्याच दिवशी किंवा आठवड्याभरात दयामरणाचं इंजेक्शन. दुसरी, कुठल्या तरी आश्रयस्थानाने फोनवर ‘आणा, जागा करतो’ म्हणणं.

आश्रयस्थान म्हटलं तरी मराठीत नेमका अर्थ पोचत नाही. अभयारण्य म्हणावं तर तिथे जनावरं मोकळी असतात. प्राणिसंग्रहालय म्हणावं तर तिथे पैदास आणि प्रदर्शन आलं. आपल्याकडचा सगळ्यांत जवळचा शब्द पांजरपोळ. ज्याचा आता कुणाला उपयोग नाही आणि ज्याला मारणंही पाप, अशा जनावराला मरेपर्यंत सांभाळायची जागा. गाईबैलांच्या ऐवजी तिथे अर्धेमुर्धे लांडगे आहेत अशी कल्पना केली, की अमेरिका आणि कॅनडातल्या या जागा बऱ्याचशा डोळ्यांपुढे येतात.

पण हे अर्धेमुर्धे लांडगे आले कुठून?

जंगलातून तर नाहीच. तिथले वुल्फडॉग, म्हणजे लांडगा आणि कुत्रा यांचे संकर, बहुतेक सगळे पिंजऱ्यात जन्मलेले असतात. बापालाही कधी रान दिसलेलं नसतं. कुत्रा आणि लांडगा यांच्यात जीवशास्त्राची भिंत नाही. दोघांचीही गुणसूत्रं 78, दोघांची संतती जननक्षम. कुत्रा ही लांडग्याचीच उपजात असल्याचं बरेच शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा जोडी जुळवणं अवघड नसतं. जुळवणाऱ्याच्या डोक्यात काय आहे, तिथे खरी गोष्ट सुरू होते.

लेंडर्ट सारलोस या डच माणसाच्या डोक्यात चांगला हेतू होता. त्याला जर्मन शेफर्ड फार आवडायचे, पण माणसाने फार घासूनपुसून त्यांची जात कमकुवत केली असं त्याचं मत होतं. रक्तात पुन्हा रानाचा जोम घालावा म्हणून 1930 च्या दशकात त्याने आपला शेफर्ड नर आणि फ्लर नावाची लांडगीण यांचा संकर केला. पुढची तीसेक वर्षं तो त्यातच गुंतला. सुरुवातीच्या काही कुत्र्यांनी अंधांचे वाटाडे म्हणून कामही केलं. पण एकूण जात निघाली ती बुजरी. अनोळखी माणूस दिसला की अंग चोरणारी, आवाजाला दचकणारी, राखणीच्या काहीही उपयोगाची नाही अशी. लोक लांडगा म्हटल्यावर उग्र, अंगावर धावून येणारं काहीतरी कल्पतात. सारलोसच्या हाती लांडग्याचा जो खरा स्वभाव आला तो भित्रेपणाचा: अनोळखीपासून लांब राहा, मग जगशील. 1969 मध्ये तो वारला. 1975 मध्ये डच केनेल क्लबने जातीला मान्यता देताना तिला त्याचंच नाव दिलं, आणि तोवर कामाचा कुत्रा म्हणून तिच्याकडून असलेल्या अपेक्षाही संपल्या होत्या.

चेकोस्लोव्हाकियात कारेल हार्टल यांनी हाच डाव सरकारी खर्चाने मांडला. सीमेवर गस्त घालणाऱ्या सैनिकांना दमदार कुत्रा हवा होता. ब्रिटा नावाची कार्पेथियन लांडगीण आणि सेझार नावाचा शेफर्ड यांची पहिली पिल्लं 26 मे 1958 रोजी जन्मली. त्यातून पुढे जी जात घडली ती आज जगभर कुत्र्यांच्या प्रदर्शनांत मिरवते. 1999 मध्ये तिला पूर्ण आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. नॉर्वेत मात्र ती बाळगायला बंदी आहे. एकाच जनावराला एका देशात पदक आणि शेजारच्या देशात दंड, हे या विषयात पावलोपावली दिसतं.

या दोघांनी निदान पिढ्यान्‌पिढ्या कष्ट घेतले. अमेरिकेत नंतर जो बाजार उभा राहिला त्याला असलं काही लागत नव्हतं. ‘नव्वद टक्के लांडगा’ अशी जाहिरात दिली की गिऱ्हाईक यायचं. टक्क्यांचा हा हिशेब तसा कच्चाच. पहिल्या पिढीत निम्मं निम्मं नक्की असतं. त्यापुढे कुणाच्या वाट्याला काय येईल ते गंजिफा पिसल्यासारखं आहे. एकाच वेताची दोन पिल्लं, एक चक्क लांडगा आणि दुसरं गल्लीतलं वाटावं असं, होऊ शकतात. म्हणून आश्रयस्थानं टक्क्यांवर भांडत बसत नाहीत. कमी अंशाचा, मधल्या अंशाचा, जास्त अंशाचा, अशा तीन ढोबळ पायऱ्या मानून ती वागणूक आणि अंगकाठी बघतात. आणि नव्वद टक्के म्हणून विकलेलं पिल्लू जनुकीय चाचणीत हस्की, मॅलम्यूट आणि शेफर्ड यांची निव्वळ भेळ निघणं ही तर नेहमीची गोष्ट. विकणाऱ्याने दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून मारलेली ती थाप, पुढे निवारा केंद्रातल्या त्या रकान्यात त्या बापड्या कुत्र्याच्या जिवावर येते.

आमच्याकडे मोती म्हणून एक गावठी कुत्रा होता. बिस्किटांचा डबा त्याला उघडता यायचा नाही. दोनदा नाकाने ढकलायचा, एकदा पंजा मारायचा, आणि मग मान वळवून थेट आमच्या तोंडाकडे बघायचा. आम्हाला वाटायचं, लबाड आहे. बुडापेस्टच्या ओट्व्होश लोरांद विद्यापीठात अॅडम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास हाच प्रसंग प्रयोगात मांडला. 2003 मध्ये तो प्रसिद्ध झाला. कुत्रे आणि हातावर वाढवलेले लांडगे, दोघांना आधी सुटणारं कोडं दिलं, मग तेच न सुटणारं केलं. कुत्रे थोड्या वेळाने माणसाकडे वळले. लांडगे क्वचितच वळले. ते खटपट करत राहिले. माणसाने बाटलीने दूध पाजून मोठे केलेले लांडगे, माणूस मागेच उभा, तरी मदत मागायचं त्यांच्या मनात फारसं येईना.

वुल्फडॉग घरात पाळणाऱ्याचा सगळा पेच या एका दृश्यात आहे. कुत्रा घरात नांदतो तो आपल्या तोंडाकडे बघत असतो म्हणून. ‘नको’ म्हटलं की त्याला काहीतरी होतं. वुल्फडॉगला ‘नको’ ऐकू येतं, पण समोरचा फ्रिज कसा उघडतो हा प्रश्न त्याला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो सोडवतो. पिल्लू असेपर्यंत हे कौतुकाचं असतं. पुढे सोफ्याचा कापूस बाहेर येतो, दाराच्या चौकटी कुरतडल्या जातात, अंगणात माणूस बसेल एवढा खड्डा पडतो. दोन-तीन वर्षांचं होईतो ते प्रौढ होतं, कळपात आपली जागा कुठली ते तपासू लागतं. लांडग्याच्या मादीला वर्षातून एकदाच माज येतो, हिवाळ्याच्या शेवटाला. त्या सुमारास नरांचाही पारा चढतो, आणि कालपर्यंत पोटावर लोळणारं जनावर आज वाटीजवळ हात नेला तर ओठ मागे घेतं. मालक घाबरतो. शेजाऱ्याची मांजर मेलेली सापडते. मग साखळी.

यात शिकवण्याचा कमीपणा फारसा नसतो. कॅथरिन लॉर्ड या संशोधिकेने 2013 मध्ये दाखवलं, की लांडग्याची पिल्लं दोन आठवड्यांची होताच फिरू लागतात. तेव्हा त्यांना ऐकू येत नसतं, दिसतही नसतं. जग ओळखायचं ते फक्त वासावरून. कुत्र्याची पिल्लं हे फिरणं चौथ्या आठवड्याला सुरू करतात, डोळे-कान उघडल्यावर. त्यामुळे कुत्र्याला माणूस सगळ्या इंद्रियांनी एकदम भेटतो. लांडग्याच्या पिल्लाला पुढे प्रत्येक नवा आवाज, प्रत्येक नवं दृश्य धक्क्यासारखं येतं, आणि ओळखी करून घ्यायची मुदत त्याची लवकर संपते. सहा-आठ आठवड्यांचं गोंडस पिल्लू विकत आणणारा माणूस, गाडी सुटल्यावर फलाटावर पोचलेला असतो.

साखळीचं पुढे काय होतं ते अलास्कातल्या पामर गावाजवळ दिसलं. तिथे रस्त्याच्या कडेला पर्यटकांसाठी मांडलेल्या एका ठिकाणी वुल्फडॉग साखळ्यांना बांधून ठेवलेले होते. लोक पैसे देऊन बघायचे. अलास्काने 2002 मध्ये असे प्राणी विनापरवाना बाळगणं आणि विकणं बेकायदा ठरवलेलं होतं. आधीपासून असलेल्यांना नसबंदी, नोंदणी आणि कातडीखाली चिप या अटींवर सवलत. 2011 मध्ये तिथले 29 प्राणी सोडवले गेले. जप्ती करणं सोपं, पुढे काय हा प्रश्न अवघड: एकोणतीस वुल्फडॉग एकदम घेणार कोण? कॅलिफोर्नियातल्या लॉकवुड व्हॅलीतल्या लॉकवुड अॅनिमल रेस्क्यू सेंटरने घेतले. टीव्हीवरच्या ‘द प्राइस इज राइट’ या खेळाचे सूत्रसंचालक म्हणून घराघरात माहीत असलेल्या बॉब बार्कर यांनी खर्चाला हात दिला.

बरंचसं आयुष्य साखळीच्या टोकाला काढलेल्या जनावराभोवतीच्या जमिनीवर एक वर्तुळ उमटलेलं असतं. खुंटा मध्यभागी, साखळीएवढी त्रिज्या, आणि काठाने पायांनी घासून गुळगुळीत झालेली वाट. अशा प्राण्याची साखळी काढली तरी वर्तुळ लगेच जात नाही. मोठ्या आवारात सोडल्यावरही तो तेवढ्याच फेऱ्यात चालत राहतो, आणि कुठल्या तरी दिवशी एक पाऊल बाहेर पडतं.

लॉकवुडची आणखी एक बाजू आहे. हे केंद्र उभारणाऱ्या लॉरिन लिंडनर या मानसशास्त्रज्ञ. लॉस एंजेलिसमध्ये माजी सैनिकांसोबत काम करताना त्यांनी तिथे टाकून दिलेल्या पोपटांची देखभाल सैनिकांकडे दिली होती. त्यांचे सहकारी आणि पती मॅथ्यू सिमन्स हे स्वतः नौदलातले माजी सैनिक. तोच धागा लांडग्यांपर्यंत आला: युद्धावरून परतलेली, दार वाजलं तरी दचकणारी माणसं इथे आवारं बांधतात, मांस कापतात, विष्ठा उचलतात. यावर ‘दोघांनी एकमेकांना बरं केलं’ छापाचं बरंच लिहिलं गेलंय, आणि ते वाचताना मी जरा सावरून बसतो. लांडग्याला कुणाला बरं करायचं नसतं. पण एक खरं. इथे जवळ यायचं की नाही हे जनावर ठरवतं. माणसाने तिरकं बसून नजर दुसरीकडे ठेवायची आणि वाट बघायची. हात पुढे करायचा नाही. ज्याला स्वतःलाच कुणी अचानक जवळ आलेलं खपत नाही, त्याला हा रिवाज सांगावा लागत नाही.

चांगल्या आश्रयस्थानाचं कौशल्य दिसतं ते कुंपणात. साधारण आठ फूट उंच जाळी, वरचं टोक आत वळवलेलं, म्हणजे चढून गेलं तरी पलीकडे उडी बसत नाही. खाली जाळी जमिनीत गाडलेली किंवा आतल्या बाजूला जमिनीवर अंथरलेली. कुंपणाला लागून उकरायला घेतलं की पंज्याला तारच लागते. दोन दारं, एक बंद झाल्याखेरीज दुसरं उघडायचं नाही. आत झाडं, दगड, बसायला उंचवटा, आणि लपायला जागा. लपायच्या जागेचं महत्त्व बघ्यांना कळत नाही. ‘इतक्या लांबून आलो आणि दिसलाच नाही’ म्हणतात. जनावराला मात्र न दिसण्याची सोय मिळणं हाच मोठा बदल असतो.

मग जोडीदार. नसबंदी करून एक नर आणि एक मादी असं सहसा ठेवतात, कारण दोन सारख्यांत भांडणं पेटतात. आधी मधे जाळी ठेवून महिनाभर ओळख. जाळीला अंग घासत दोघं एका लयीत चालू लागले, की दार उघडायचं. मांस कच्चं, हाडासकट. आणि संध्याकाळी कुठून तरी एक हाक उठते, तिला दुसरी मिळते, आवारं एकामागून एक सामील होतात. कमी अंशाचा एखादा मध्येच भुंकतो.

न्यू मेक्सिकोतल्या वाइल्ड स्पिरिट आश्रयस्थानाच्या गावाचं नाव कँडी किचन आहे. दारूबंदीच्या काळात तिथे एकजण हातभट्टी चालवायचा आणि त्याला साखर पोत्यांनी लागायची. संशय नको म्हणून त्याने मिठाईचा धंदा दाखवला, अशी तिथली कहाणी. कॅनडात आल्बर्टातल्या कॉक्रनजवळ यामनुस्का हे आश्रयस्थान 2011 मध्ये सुरू झालं. योगायोग असा, की ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिकाही त्याच वर्षी आली. तिच्यातले अजस्र लांडगे बघून पिल्लं घेणारे लोक पुढे जगभर निघाले, आणि वर्ष-दीड वर्षात ती सोडून देणारेही. कोलोरॅडोतल्या डब्ल्यू.ओ.एल.एफ. आश्रयस्थानावर 2012 मध्ये हाय पार्कचा वणवा चालून आला. सगळ्यांना गाडीत घालायला वेळ नव्हता. अशाच दिवसासाठी जमिनीखाली विवरं करून ठेवलेली होती. मागे राहिलेल्यांना त्यांचा आसरा झाला.

मग यांना रानात का सोडत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो. शिकार कळपात शिकावी लागते, ती यांना कुणी शिकवलेली नसते. माणसाची भीतीही अर्धवट. भूक लागली की पहिल्या घराकडे जातील. आणि गेले तर गोळी. म्हणून हे कुंपण आयुष्यभराचं. बारा-चौदा वर्षं तो प्राणी तिथे राहतो, म्हणजे एकदा भरलेली जागा बारा-चौदा वर्षं भरलेली. फोनवर ‘जागा नाही’ हे उत्तर इतक्या वेळा का द्यावं लागतं, ते या साध्या गणितात आहे.

आता थोडं घराजवळ. पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर, मेंढपाळांच्या वाटांवर, लांडगा अजून आहे. धनगर रात्री मेंढ्यांभोवती वाघूर लावतात आणि लांडगा बाहेर फिरतो, हा हिशेब शतकांचा. गवताळ प्रदेशांसाठी काम करणाऱ्या पुण्यातल्या ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांना लांडग्यांसोबत वेगळ्याच रंगाचं, पिवळसर जनावर फिरताना दिसलं. त्याचे फोटो निघाले, गळलेले केस गोळा झाले, आणि बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत त्या केसांतून डीएनए वाचला गेला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पश्चिम आणि मध्य भारतातले मिळून दोन प्राणी संकरित असल्याचं सिद्ध झालं. भारतातला असा हा पहिला जनुकीय पुरावा. त्यातल्या एकात लांडग्याचा अंश किंचित जास्त निघाला; म्हणजे त्याच्या आधीच्या पिढीतला संकरित प्राणी पुन्हा लांडग्याशी जुळला असावा.

अमेरिकेत माणसाने लांडगा घरात ओढला. इथे आपला कुत्रा माळावर गेला. कचऱ्यावर वाढलेले भटके कुत्रे असंख्य, आणि लांडगे साऱ्या देशात मिळून दोन-तीन हजार असावेत असा अंदाज. लांडग्याला जोडीदार मिळेना की जो भेटेल तो. संकर ही गोष्ट मुळात नवी नाही; उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांना तो काळा रंग फार पूर्वी कुत्र्यांकडूनच मिळाला, हे 2009 मध्ये जनुकांवरून दिसलं. पण तिथे लांडगे भरपूर होते आणि कुत्रे थोडे. इथे उलट आहे.

आणि तो पिवळसर प्राणी? लांडगा म्हणून तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, कुत्रा म्हणून नगरपालिकेच्या नसबंदीच्या यादीत. त्याला पकडायचं, तर ठेवायचं कुठे? आपल्याकडे त्याच्यासाठी आत वळवलेल्या जाळीचं आवार नाही. सोडून द्यायचं, तर पुढच्या हिवाळ्यात आणखी पिल्लं. वनखात्याच्या टेबलावरही एक अर्ज असतोच, आणि त्यातही तो एक रकाना.